माझ्या तळाशी पडलेले डास

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. आधी सांगा, हात धुतलेत का? साबण लावून, की नुसते पाण्याखाली धरून? रागावू नका हं. मी एक जुनी काचेची बाटली आहे आणि संशय घेणं हा माझा स्वभाव आहे. माझ्या पोटात आजवर जे जे ओतलं गेलं, ते तुमच्या पोटात गेलं असतं तर तुम्ही इथं गोष्ट ऐकायला उरलाच नसता.

माझा जन्म दूरच्या एका देशात, भट्टीत झाला. लालभडक काच साच्यात पडली, वरून हवेचा झोत आला आणि मी झाले. आपल्यात मध भरणार, अत्तर भरणार की औषध, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारावं तरी कुणाला? मला आणि माझ्या बहिणींना भुशात दाबून एका खोक्यात बसवलं. बोटीत, मग मालमोटारीत, कितीतरी आदळआपट सोसून आम्ही बोबो-जुलासो शहरात उतरलो. खोकं उघडलं तेव्हा समोर एक बाई उभी होती. तिने मला उजेडात धरून गोल फिरवलं, कुठे तडा आहे का ते पाहिलं. मला बरं वाटलं. आपल्यासारखाच संशय घेणारं कुणीतरी भेटलं, असं वाटलं.

तिचं नाव असेतू मिलोगो. हिवतापाचे डास तपासायच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. डासांवर फवारायची, मच्छरदाण्यांना लावायची औषधं अजून चालतात का, की डास त्यांना पुरून उरलेत, हे बघायचं तिचं काम. आणि मी तिची बाटली.

काम ऐका. असेतू औषधाचं मोजकं पाणी माझ्यात ओतायची आणि मला आडवी धरून लोळवत बसायची, तळाला, अंगाला, झाकणाला, सगळीकडे ते सारखं लागेपर्यंत. मी कोरडी झाले की अंधाऱ्या कपाटात झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी भातखाचरातल्या अळ्यांपासून वाढवलेल्या डासांच्या माद्या माझ्यात फुंकून सोडायच्या आणि घड्याळ लावायचं. अर्ध्या तासात किती पडल्या? बस, एवढाच प्रश्न. सगळ्या पडल्या तर औषध चांगलं. उडत राहिल्या तर औषध गेलं कामातून. माझ्या एका बहिणीत औषध घालत नसत. तिच्यातले डास जगायलाच हवेत, नाहीतर बाटल्या नीट धुतलेल्या नाहीत असं समजायचं.

एकदा तसं झालंही होतं. असेतू सुट्टीवर गेली आणि बदलीवर आलेल्या माणसाने आम्हां सगळ्यांना एकाच टबात, एकाच पाण्यात बुचकळून काढलं. मग काय! बिनऔषधाच्या बाटलीतलेही डास पटापट आडवे. असेतू परत आली तेव्हा तिने त्या माणसाला असं काही झापलं की तो जेवायच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून मी हात आधी बघते, माणूस नंतर.

आता माझ्या वैरिणींबद्दल सांगते. समोरच्या टेबलावर प्लास्टिकची नळकांडी होती. त्यांच्या आत औषध लावलेला कागद गुंडाळून बसवायचे. तो कागद परदेशातून चकचकीत वेष्टनात यायचा, म्हणून केवढा तोरा! त्यांची तऱ्हा वेगळी. डास तासभर औषधाच्या कागदाजवळ ठेवायचे, मग स्वच्छ नळकांड्यात हलवायचे, साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि चक्क दुसऱ्या दिवशी मोजायचं. एवढा वेळ कशाला हवा? मला तर वाटायचं, या आळशी आहेत, नाहीतर काहीतरी लपवतात.

नळकांडी सांभाळायचा हमादून सिदिबे. तो फुलानी, असेतू बोबो. या दोन जमातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. बोबोने फुलान्याला काहीही बोलावं, फुलान्याने बोबोला काहीही बोलावं आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. सकाळी दार उघडलं की सुरू.

"काय गं, मालकाला सलाम नाही?" हमादून म्हणायचा.

"मालक? गाईची शेपटी धरून गावात आलेला तू, मालक कधीपासून झालास?"

"शेपटी धरून आलो म्हणून तर तुला दूध मिळालं. नाहीतर तुम्ही लोक बाळालाही डोलो पाजता."

डोलो म्हणजे इकडची ज्वारीची दारू. असेतू तिला शिवतही नव्हती, पण ते कोण विचारतंय! ती हातातलं फडकं त्याच्यावर फेकायची आणि दोघं कामाला लागायचे. मी मात्र हसायची नाही. इतकं गोड भांडणारी माणसं आत काय ठेवून असतात, कुणाला ठाऊक!

एका उन्हाळ्यात प्रमुख डॉक्टर कांबिरे घाईघाईने आत आले. भला माणूस, पण कायम गाडी सुटल्यासारखा. ते म्हणाले, पावसाआधी भातगावांना मच्छरदाण्या वाटायच्या आहेत. दोन जातींच्या आहेत. जुनी, एका औषधाची, हवी तेवढी. नवी, दोन औषधांची, थोडीच. जिथे जुनं औषध हरलंय तिथेच नवी द्यायची. "मालोदुगूचे डास दोन्ही पद्धतींनी तपासा. बाटली आणि नळकांडं शेजारी शेजारी. कोणती तपासणी खरी, तेही एकदा कळू दे."

मालोदुगूचं नाव निघताच असेतूचा हात थांबला. तिची धाकटी बहीण कोरोतिमी त्या गावात दिलेली होती. गेल्या पावसाळ्यात कोरोतिमीचा थोरला मुलगा तापाने गेला. आता पाठीवर नवं बाळ होतं, लासिना. बाजारच्या दिवशी ती त्याला पाठीला बांधून प्रयोगशाळेच्या ओट्यावर यायची आणि असेतूने आणलेले चवळीचे वडे खायची.

"ताई, मी काय करू ते सांग," त्या दिवशी ती म्हणाली. "पावसाळाभर याला घेऊन आईकडे जाऊ? तिकडे खाचरं नाहीत, डासही कमी. पण ऐन लावणीत गेले तर घरचे तोंड बघणार नाहीत माझं."

"मच्छरदाणी आहे ना?"

"थोरल्याच्या वेळीही होती, ताई."

असेतू म्हणाली, "आठ दिवस थांब. बाटली काय सांगते बघू. मग सांगते तुला."

ऐकलंत? एका बाळाचा पावसाळा माझ्यावर टाकला तिने. मला तर धडकीच भरली.

तपासणीच्या दिवशी मालोदुगूचे डास माझ्यात शिरले. आधी झाकणाशी, मग भिंतीवर, मग त्यांचे पाय लटपटू लागले. अर्धा तास व्हायच्या आतच सगळे माझ्या तळाशी उताणे. असेतूने मला हलवून पाहिलं. एकही उडाला नाही.

"सगळे आडवे!" ती ओरडली. डॉक्टर धावत आले, त्यांनी मला उजेडात धरलं. "शाबास! स्वस्तात मस्त आणि अर्ध्या तासात उत्तर. याला म्हणतात तपासणी." माझ्या आयुष्यात इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. पण खरं सांगू? मनात शंकेची पाल चुकचुकलीच. माझ्या तळाशी काहीतरी अजून हलत होतं. अगदी बारीक, पायाचं टोक तेवढं. मेलेला असा पाय हलवतो का? मी ओरडू शकत नाही, बाटलीला तोंड असलं तरी आवाज नसतो. असेतूने ते डास एका डबीत झटकले आणि डबी गोठवायच्या पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी नळकांड्यांचा निकाल आला. निम्म्याहून जास्त डास जिवंत, साखरपाणी पिऊन मजेत.

"हे कसं?" डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकाच पिंजऱ्यातले डास. बाटलीत सगळे गेले आणि इथे चैन? हमादून, कागद बाद झाले असणार. विमानतळाच्या उन्हात पडून होते म्हणे."

"डॉक्टर, तासाभरात माझ्याकडेही पडलेच होते. सकाळी उठले."

"तेच म्हणतोय मी. कागदात जोर उरला नाही."

खरं तर आमच्याकडे पाळलेल्या, औषधाने हमखास मरणाऱ्या नाजूक डासांवर ते कागद तपासायला हवे होते. पण तो पिंजरा तेव्हा जवळजवळ रिकामा होता आणि डॉक्टरांना घाई. मीही मनात म्हटलं, बरं झालं, या नळकांड्यांचा तोरा उतरला. कागदावर माझा पहिल्यापासून संशय होताच. असेतूने ओट्यावर जाऊन कोरोतिमीला फोन लावला. "लावणीला थांब तू. जुनी मच्छरदाणी चालते. माझ्या डोळ्यांदेखत पटापट पडले." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. असेतू मात्र हसत आत आली.

तरी तिने खात्रीसाठी एकदा परत तपासलं. पुन्हा सगळे आडवे. हे पडलेले डास हमादूनने मागून घेतले. त्यांची जात ओळखायची होती. तो त्यांना जाळी लावलेल्या कागदी पेल्यात घालून पेटीकडे निघाला आणि वीज गेली. उन्हाळ्यात इकडे ती अशीच जाते, कधी येईल ते सांगत नाही. पेटी आता गरम पडणार, म्हणून त्याने तो पेला आपल्या टेबलावरच ठेवला आणि घरी गेला.

सकाळी तो आला, पेल्यावर वाकून पाहिलं. मग ओरडला, "असेतू! तुझी मेलेली माणसं उठून बसलीत!"

असेतू खळखळून हसली. "फुलान्याच्या टेबलावर झोपले ना, गाईंच्या वासाने जागे झाले असतील!"

"अगं, खरंच! ये, बघ. अर्धे उभे आहेत."

"हो, हो. आणि एक जण तुझ्या बहिणीला मागणी घालतोय."

दारात डॉक्टर उभे होते, तेही पोट धरून हसले. "पुरे, सिदिबे. नळकांडी हरली म्हणून बाटलीतल्या मढ्यांना उठवतोस! फुलानी मेलेल्या गाईचंही दूध काढेल." हमादून सांगतोय, दाखवतोय, आणि तो जितका हात हलवून सांगेल तितकी ही हसतायत. बोबोला फुलान्याने असंच काहीतरी सांगायचं असतं ना! शेवटी तोही कसनुसा हसला.

तुम्हाला वाटेल, बाटलीला तर कळलं असेल. छे! मीसुद्धा त्याच्यावरच संशय घेतला. म्हटलं, याने पेल्यातले डास बदलले. आपल्या नळकांड्यांची लाज राखायला पिंजऱ्यातले ताजे डास आणून सोडले असतील. डॉक्टरांनी अहवाल लिहायला घेतला. मालोदुगूला जुनी मच्छरदाणी. सोमवारी गाडी राजधानीला जाणार, तिच्यातून तो जाणार.

त्यानंतर हमादून दोन दिवस थट्टेचं अक्षर बोलला नाही. शनिवारी तो आला तो धुतलेला लांब झगा घालून. टोपी काढून हातात घेतली आणि असेतूच्या टेबलावर केळीच्या पानात गुंडाळलेला कोला ठेवला. लग्नाची बोलणी असोत, माफी मागायची असो, वडीलधाऱ्यांसमोर गंभीर गोष्ट काढायची असो, इकडे आधी कोलाच्या या कडू बिया पुढे ठेवतात.

"अगंबाई! कोला?" असेतू म्हणाली. "मला मागणी घालायला आलास? किती गाई देणार ते आधी सांग."

त्याने कोला तिच्याकडे जरा सरकवला.

"म्हाताऱ्या नकोत हं. मला दुधाच्या हव्यात."

तो खाली बघत उभा राहिला. फुलान्याला बोबोने डिवचलं आणि फुलान्याने उलट उत्तर दिलं नाही, हे त्या खोलीत पहिल्यांदाच घडलं. असेतूचं हसू हळूहळू मावळलं. "हमादून, काय झालं? घरी कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही, असेतूबाई. जाऊ नये म्हणून आलोय. तुमच्या बाटलीत डास पडतात, ते मरत नाहीत. मी बदललेले नाहीत. माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. तुमच्या बहिणीचं बाळ तिथे आहे म्हणून हा कोला आणला, एरवी तुम्ही माझं ऐकलं नसतंत."

असेतू ताडकन उठली. तिने कोलाला हात लावला नाही. सरळ मला उचललं. इतक्या घाईने, की मला जरा भीतीच वाटली, पडले तर संपले. तिने मला घासून, उकळून, सुकवून पुन्हा औषध लावलं. रविवारी सुट्टी असूनही दोघं आले. मालोदुगूचे उरलेले डास माझ्यात सोडले. पुन्हा सगळे आडवे. या वेळी तिने त्यांना स्वतःच्या हाताने स्वच्छ पेल्यात घातलं, साखरपाण्याचा बोळा ठेवला आणि पेला माझ्यासमोर फळीवर ठेवून खोलीला कुलूप लावलं. किल्ली तिने आपल्या कमरेला बांधून नेली.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. पेल्यात पाय हलत होते. मग एक जण कुशीवर वळला. मग एकाने पंख झटकले. मला वाटत होतं, नका उठू रे, मेलेलेच राहा, माझी लाज राखा. आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, उठा, तिच्या डोळ्यांसमोर उठा, तिला अजून वेळ आहे तोवर तरी कळू दे.

सोमवारी सकाळी असेतूने कुलूप उघडलं, वाकून पेल्याच्या जाळीवर हलकेच फुंकर मारली. श्वासाचा वास येताच डास भर्रकन उडाले आणि जाळीला चिकटून आपल्या सोंडा बाहेर काढू लागले. बोळ्याशी काही थोडे मरून पडले होते, बाकी सगळे धडधाकट. असेतूने पेला हमादूनसमोर धरला.

"मी तिला थांब म्हटलं," ती म्हणाली. "हमादून, मी तिला थांब म्हटलं रे."

डॉक्टरांनी पेला पाहिला, दोनदा जाळीवर फुंकर मारून पाहिली, चष्मा काढला. गाडीत ठेवलेला अहवाल त्यांनी स्वतः जाऊन परत आणला. "बाटली सांगते डास पडतो का. नळकांडं सांगतं डास मरतो का," ते हळू आवाजात म्हणाले. "मी दोन्हींना एकच प्रश्न विचारतोय असं समजलो." त्यांनी दोन्ही निकाल लिहिले आणि नवी मच्छरदाणी मागितली. पण असेतू ते ऐकायला थांबलीच नव्हती. कोरोतिमी फोन उचलत नव्हती. हमादूनने आपली दुचाकी काढली, असेतू मागे बसली आणि दोघं धुरळा उडवत मालोदुगूकडे गेले.

दिवसभर मी फळीवर नुसती बसून. संध्याकाळी हमादून एकटाच चावी ठेवायला आला. लासिनाला आदल्या दिवसापासून ताप होता. घरचे म्हणत होते, दात येत असतील. दवाखान्यात बोटाला सुई टोचून पाहिलं, हिवताप निघाला. औषध सुरू झालं होतं, पण बाळ डोळे उघडत नव्हतं. हमादूनने चावी जागेवर ठेवली आणि नळकांडी एकेक करून पुसून ठेवली. त्याच्यावर घेतलेल्या संशयाची मला फार लाज वाटली.

तीन दिवस असेतू आली नाही. चौथ्या दिवशी ती आली, मागोमाग कोरोतिमी आणि तिच्या पाठीवर लासिना. गाल बसलेले, पण डोळे टक्क उघडे. हमादूनला पाहताच असेतू म्हणाली, "काय रे गुराख्या, माझ्या टेबलावर तुझ्या गाई चरून गेल्या की काय, केवढी धूळ!" आणि हे म्हणता म्हणता ती हुंदके देऊन रडायला लागली. ती रोज त्याच्यावर फेकायची तेच फडकं हमादूनने तिला डोळे पुसायला दिलं.

कोरोतिमी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं, जसं बाजारात खोटं माप देणाऱ्या बाईला बघतात तसं. "हिनेच सांगितलं होतं ना, थांब म्हणून?"

असेतूने मान हलवली. "हिने एवढंच सांगितलं की डास पडले. थांब असं मी सांगितलं."

कोरोतिमीने पाठीवरचं बाळ सोडलं आणि बहिणीच्या हातात दिलं. मग म्हणाली, "मग ताई, पुढच्या वेळी एक दिवस वाट बघून सांगत जा."

नव्या मच्छरदाण्या मालोदुगूला पोचल्या, पण भात गुडघाभर झाल्यावर. तोवर कोरोतिमी लासिनाला घेऊन आईकडे राहिली. घरच्यांनी अबोला धरला तो तिने सोसला.

आता मी म्हातारी झालेय. काठाला टवका गेलाय, माझ्या जागी नव्या बाटल्या आल्यात. कुणी मला कामाला लावतं, कुणी नुसतीच धूळ खात ठेवतं. माझं काही मागणं नाही, मला वापरलंत तर उकळत्या पाण्याने धुवा एवढंच. आणि मित्रांनो, माझ्या तळाशी डास पडले म्हणून कुणाला लगेच फोन करू नका. त्यांना पेल्यात घाला, साखरपाणी द्या, दुसऱ्या दिवशी या आणि जाळीवर फुंकर मारून बघा. कंटाळा आला तरी बघा. मालोदुगूत यंदा आणखी तीन बाळं जन्मली आहेत, असं परवा कोरोतिमी सांगत होती.